प्रवाळांचे दंतवैद्य

मला डहाणूत खोली मिळाली ती आमटीच्या जोरावर.

तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि राहायला मी डहाणू निवडलं होतं. सोलापूरकडच्या माणसाला चालत जाऊन समुद्र बघता येईल असं घर मिळतंय म्हटल्यावर रोजच्या बसचं काय ते! घरमालक निवृत्त दंतवैद्य आहेत एवढंच कळलं होतं. मला वाटलं, लग्न झालंय का विचारतील, मासे खाता का विचारतील, पाहुणे फार येतात का विचारतील. त्यांनी मला बैठकीत बसवलं, चष्म्यावरून नीट पाहिलं आणि विचारलं, "खारट पाणी उघडं राहिलं तर काय उडून जातं? पाणी की मीठ?"

मी गडबडले. विज्ञानाशी माझं दहावीनंतर बोलणं नव्हतं. तरी धीर करून म्हटलं, "आमटी आटली की खारट होते. म्हणजे पाणीच उडत असणार."

ते उठलेच. आत तोंड करून ओरडले, "अगं, हिला देऊ या खोली! आधीच्या दोघांनी मीठ सांगितलं!"

तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. भिंत नव्हतीच ती, पाण्याची टाकी होती. निळसर उजेडात दगड, दगडांवर काहीतरी हलणारं, झुलणारं, मिटणारं, फुलणारं. मला वाटलं ती झाडं आहेत. तसं म्हटलं आणि मिळालेली खोली जाता जाता वाचली. ती झाडं नव्हती, ते प्राणी होते, प्रवाळ होते, आणि डॉक्टर कधी गावाला गेले तर टाकीत उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मीठ घालणारा भाडेकरू त्यांना नको होता.

समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आणि हा माणूस मुंबईहून मिठाची पोती मागवतो, याची गावाला भारी मजा वाटायची. बाजारात मासे विकणाऱ्या बायका त्यांना हाका मारायच्या, "डॉक्टर, आमचा दर्या आटला काय?" डॉक्टर शांतपणे सांगायचे, "दर्या छान आहे, पण गढूळ आहे. माझ्या पेशंटना सोसणार नाही." आणि बोंबील घेऊन घरी यायचे. बोर्डीच्या किनाऱ्यावरचा साधा शिंपलाही त्यांनी कधी टाकीसाठी उचलून आणला नाही. जे समुद्राचं ते समुद्राचं. त्यांच्याकडचे सगळे प्रवाळ म्हणजे इतर हौशी लोकांनी आपापल्या टाक्यांत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे, दगडावर चिकटवून रुजवलेले. डॉक्टरांची बायको, म्हणजे काकू, घोलवडच्या, चिकूच्या बागेत वाढलेल्या. त्या या तुकड्यांना सरळ 'कलमं' म्हणायच्या. "मुंबईहून दोन कलमं येतायत," असं त्या फोनवर सांगायच्या तेव्हा पलीकडच्या माणसाला वाटायचं, काकूंनी बागेत आणखी झाडं लावली.

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत. नावं तर नाहीच. दात राहायचे. आयुष्यभर ते आठवड्यातून एकदा तलासरीला जाऊन पेशंट बघत असत. निवृत्तीनंतरही सवय सुटेना म्हणून बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर बसने यायचे. एकदा एक आजी बसमध्ये चढली आणि डॉक्टरांकडे बघून हसली. डॉक्टर ओळख पटेना म्हणून अस्वस्थ. ती आणखी हसली, तशी त्यांची कळी खुलली. "वरची उजवी सातवी दाढ!" डॉक्टर म्हणाले.

"तूच काढलीस ती," आजी म्हणाली. "बाकीच्या हायत बघ." आणि तिने भर बसमध्ये तोंड उघडून दाखवलं. डॉक्टरांनी खिशातून छोटा आरसा काढून, कंडक्टरला थांबवून, शांतपणे सगळं तोंड बघितलं. मागे तिकिटांचा खोळंबा. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण निम्मी बस त्यांची पेशंट होती.

तोच आरसा प्रवाळांना लागायचा. दात बघायचा तो गोल आरसा, टाकीपुरता लांब काठीला बांधलेला. डोक्याला पूर्वीचंच भिंग. पेशंटच्या खुर्चीशेजारचं चाकांचं स्टूल त्यांनी दवाखाना बंद करताना तेवढं घरी आणलं होतं. त्यावर बसून ते टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला सरकत जायचे आणि प्रत्येक दगडापाशी थांबून हळूच म्हणायचे, "आ करा."

मी आधी हसायचे. मग कळलं की त्यात फार मोठं शास्त्र आहे. प्रवाळ म्हणजे शेकडो बारीक तोंडं. प्रत्येक तोंडाभोवती इवले इवले हात. कुणाचे गुळगुळीत, कुणाचे झालरीचे, कुणाचे टोकाशी गाठ असलेले. अनोळखी प्रवाळ ओळखायचा तर त्या तोंडापर्यंत जावं लागतं. पण हौशी लोक जातात रंगावर. निळ्या दिव्यात फोटो काढायचा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा, की दहा मिनिटांत दहा नावं हजर. डॉक्टरांना याचा मनस्वी राग होता. "लग्नातल्या फोटोवरून सून ओळखायला निघालेत लेकाचे," म्हणायचे. ते निळा दिवा बंद करायचे, साधा पांढरा लावायचे आणि म्हणायचे, "रंग सोडा. तोंड बघा." जोवर तोंड नीट दिसलं नाही तोवर ते कुठल्याही प्रवाळाला नावाने हाक मारत नसत. तोवर तो नुसता 'पेशंट'.

बोर्डीकडच्या एका रिसॉर्टच्या मालकाने त्यांना एकदा मोठ्या मानाने बोलावलं. मीही गेले होते. दारातच भलीमोठी काचेची टाकी, मधोमध लालभडक, फांद्याफांद्यांचा प्रवाळ. मालक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जात सांगा. लोक विचारतात. फार महागडा आयटम आहे. पण दोन वर्षांत वाढलाच नाही."

डॉक्टरांनी भिंग लावलं. आरसा आत घातला. पाच मिनिटं गेली. मालकाने चहा मागवला. डॉक्टरांनी नखाने एक फांदी खरवडली, बोट नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं नवीन जातीचा शोध लागला.

"हे माझ्या खात्यातलं आहे," ते म्हणाले. "ॲक्रिलिक. मी आयुष्यभर याच्या कवळ्या केल्या."

मालक बिचारा हातात कप धरून उभा. डॉक्टरांनी पाठीवर थोपटून त्याला सांगितलं, "काम मात्र उत्तम आहे हो. घासत जा रोज."

काकूंचं आणि टाकीचं पहिल्यापासून बरं नव्हतं. सोफा गेला तो टाकीमुळे. लाईट गेली की इन्व्हर्टर आधी टाकीला, मग फ्रिजला. इन्व्हर्टरही बसला तर पंप थांबायचा, आणि पंप थांबला की डॉक्टरांचा श्वास अडकायचा. पाणी हललं पाहिजे, नाहीतर पेशंट गुदमरतील! मग ते, काकू, मी, कधीकधी शेजारचे वकीलसुद्धा, तांब्याने पाणी काढून वरून ओतत उभे राहायचो. वकील दरवेळी विचारायचे की यात त्यांची फी कोण देणार.

पण एक प्रवाळ काकूंचा होता. मुंबईला एका हौशी मुलीच्या घरी गेल्या असताना त्यांनीच तो निवडून आणला होता. पावसाळ्यात रानात अळंबी उगवते तसा दिसणारा, जाड देठ आणि वर पसरट छत्री, आणि छत्रीवर हजार बारीक हात वाऱ्यातल्या भातासारखे डुलणारे. टाकीवाले त्याला लेदर कोरल म्हणतात. काकू 'माझी' म्हणायच्या. संध्याकाळचा चहा त्या तिच्यासमोर बसून घ्यायच्या. डॉक्टरांशी भांडण झालं की त्याची तक्रारही तिच्याकडेच जायची, आणि डॉक्टर स्टुलावर बसून ती मुकाट ऐकायचे. मला वाटतं, त्या घरातलं निम्मं प्रेम त्या टाकीच्या काचेवरून परावर्तित होऊन एकमेकांपर्यंत पोचत होतं.

ती छत्री एके दिवशी मिटली. हात आत गेले, वर मेणचट कातडी आली. आधीही ती अशी मिटायची. कात टाकते, चार दिवसांत उघडते, हे काकूंना माहीत होतं. पण या वेळी चार दिवसांचे आठवडे झाले. छत्री आक्रसली, कडा मुडपल्या. काकूंचा चहा स्वयंपाकघरात होऊ लागला.

आणि त्याच सुमारास तिच्या देठाखाली, दगडाच्या सावलीत, मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी उगवलं. तपकिरी, केसासारखे हात असलेलं. पाण्याच्या झोतात ते इतकं थरथरायचं की डोळ्यांना नुसता धूर दिसायचा. आरसा जवळ नेला की सुर्रकन आत. डॉक्टर दिवसदिवस स्टुलावर बसून "आ करा, आ करा" म्हणत होते, पण हा पेशंट काही दाद देईना.

भीती एकाच गोष्टीची होती. दगडाबरोबर कधीकधी एक उपद्रवी समुद्रफूल घरात शिरतं. ऐप्टेशिया त्याचं नाव, पण डॉक्टर त्याला 'बांडगूळ' म्हणायचे. एकाचे शंभर होतात, आणि शेजाऱ्याला डंख मारमारून संपवतात. त्यावर उपाय एकच, सुईने चुन्याची पेस्ट घालून जाळणं.

रविवारी घोलवडहून मामा आले. मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. चिकूची मोठी बाग, कलमांची रोपवाटिका, तोंडात कायम पान, आणि झाडाच्या बाबतीत त्यांचा शब्द घोलवडमध्ये शेवटचा. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि क्षणात निकाल दिला.

"भावोजी, आ तो रायण छे!"

मला आणि डॉक्टरांना कळेना, टाकीत रायणाचं झाड कुठून आलं. मग मामांनी समजावलं. चिकूचं कलम रायणाच्या रोपावर बांधतात. मुळं रायणाची, वरचा भाग चिकूचा. कधी जोडाच्या खालून फुटवा येतो. दिसायला छान, तरतरीत. नवखा माणूस खूश होतो. पण तो फुटवा रायणाचा असतो. ठेवला तर खालचा सगळा रस तोच खातो आणि वरचा चिकू वाळतो. "जोडाच्या खाली आलेलं काहीही दिसलं की खुडायचं. विचार करायचा नाय. बघ ना, वर वाळतंय नि खाली फुटतंय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

काकूंचा चेहरा बदलला. त्या बागेतच वाढलेल्या. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, फक्त टाकीकडे बघताना आठवलं नव्हतं. "काढून टाका ते," त्या म्हणाल्या.

"निदान झालं नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"माझी मरतेय आणि तुमचं निदान चाललंय!"

खरं सांगायचं तर मी काकूंच्या बाजूची होते. दिसतच होतं सगळं. पण डॉक्टरांनी मान हलवली. "निदान झाल्याशिवाय मी कुणाचा दात काढला नाही. दुखणारा दात एक असतो आणि पेशंट बोट भलत्याच दातावर ठेवतो. काढलेला परत बसत नाही गं." त्या घरात काकूंना 'नाही' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनाही खात्री नव्हती, आणि चुकले तर काकूंची छत्री जाणार होती. हे ओझं त्यांच्या खांद्यांवर स्पष्ट दिसत होतं.

दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्यांना सांग, जेवण वाढलंय." "तिला सांगा, भूक नाही." मराठीच्या शिक्षिकेला संवादलेखनाचा इतका सराव कधी झाला नसेल.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी मामा तिकडे निघाले होते. वाटेत डहाणूला उतरले आणि ठाण मांडून बसले. "आज याचं करायचं. मग मी पुढे जाईन." काकू दारात उभ्या. त्यांचे डोळे भरले होते. डॉक्टरांनी ते पाहिलं. मग उठले, चुना कालवला, बारीक सुईच्या सिरिंजमध्ये भरला, स्टुलावर बसले. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

चुना पाण्यात पसरू नये म्हणून त्यांनी मला सांगितलं, "पंप बंद करा, बाई."

मी बंद केला. खोलीतला तो कायमचा गुरगुराट थांबला. टाकीतलं पाणी हळूहळू निवत गेलं. झुलणारं सगळं झुलायचं थांबलं. डॉक्टरांनी उजव्या हातात सिरिंज धरली, डाव्या हाताने सवयीने आरसा आत घातला आणि पुटपुटले, "आ करा."

आणि त्याने आ केला.

पाणी स्तब्ध होतं. ज्याचा इतके दिवस नुसता धूर दिसत होता तो मसुरीचा दाणा आपले हात पसरून निवांत उभा होता. डॉक्टर हललेच नाहीत. मग अगदी हलक्या आवाजात मोजू लागले. एक, दोन, तीन. आठवर थांबले. पुन्हा मोजलं. पुन्हा आठ.

"अर्ध्या जबड्यात दात असतात तेवढे," ते स्वतःशीच म्हणाले. "आणि प्रत्येकाला दोन्ही अंगांनी झालर. बांडगुळाला झालर नसते! आणि हात मोजता येणार नाहीत इतके असतात." सिरिंज त्यांनी खिडकीत ठेवून दिली.

"मग आहे कोण हा?" मामांनी विचारलं.

"आठ हात म्हणजे मऊ प्रवाळाचं घराणं. टाकीत या घराण्याचे चारपाच जण आहेत. हा त्यातल्या कुणाचा, ते हात जुळवल्याशिवाय नाही सांगणार."

"माझीचा असेल?" काकूंनी विचारलं. किती दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या होत्या.

"तिचं तोंड बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "ती उघडेल तेव्हा सांगेन." उघडलीच तर, असं ते म्हणाले नाहीत. पण सगळ्यांना ऐकू आलं. मामांनी हात झटकले. घराणं कुठलंही असो, फुटवा तो फुटवाच, असं बजावून ते यात्रेला गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शाळेतून येताना मी बसमध्ये मनातल्या मनात छत्री उघडायचे. घरी येऊन बघावं तर तशीच, मेणाचा गोळा.

मग एका सकाळी मी वर माझ्या खोलीत डबा भरत होते आणि खालून काकूंची किंकाळी आली. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. काकू टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरांच्या स्टुलावर, पदर खोचून. छत्रीवरची मेणचट कातडी दुधावरच्या सायीसारखी एका कडेने सुटून पाण्यात तरंगत होती, आणि तिच्याखालून नवे, कोवळे, पांढुरके हात बाहेर येत होते. एक इथून, दोन तिथून, मग एकदम गर्दी.

डॉक्टर दाढीचा साबण तोंडाला लावलेले, तसेच उभे.

"अहो, पंप बंद करा," काकू म्हणाल्या. "आणि तो आरसा द्या इकडे."

डॉक्टरांनी आरसा दिला. भिंग स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्याला बांधलं. पाणी निवलं. काकूंनी छत्रीवरच्या एका तोंडाचे हात मोजले. आठ. झालर दोन्ही बाजूंनी. लांबी पाहिली, टोकाचा पांढरा ठिपका पाहिला. मग आरसा खाली देठापाशी नेला. तिथे आता एक नाही, तीन तोंडं होती. त्यांचेही आठ हात, तीच झालर, टोकाला तोच पांढरा ठिपका.

काकूंनी आरसा मांडीवर ठेवला. "तिचंच आहे हो," त्या म्हणाल्या. "लेक आहे तिची." आणि रडायला लागल्या, हसायलाही लागल्या. डॉक्टरांनी साबणाच्या तोंडानेच त्यांच्या डोक्यावर गाल टेकवला. मी पंप सुरू करायचं विसरले. कुणीच ओरडलं नाही.

मामांना फोन गेला. दुपारच्या आत ते घोलवडहून चिकूची करंडी घेऊन हजर. थेट टाकीशी गेले. वर छत्री पुरती फुलली होती. खाली लेक डुलत होती. मामा बराच वेळ वाकून बघत राहिले. पान चघळायचंही थांबलं.

"रायण समजून मी चिकूच खुडायला लावत होतो," ते शेवटी म्हणाले. घोलवडमध्ये ज्यांचा शब्द शेवटचा, त्या माणसाने हे इतक्या सरळपणे म्हटलं की काकूंना त्यांचं वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे दादा, मी पण तेच म्हणत होते."

मामा परत टाकीकडे वळले. नवलाने त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. डॉक्टर शेजारीच स्टुलावर होते, भिंग अजून कपाळावर. त्यांनी ते अलगद खाली ओढलं, आरसा पुसला आणि वाकून आत पाहिलं.

"खालची डावी सहावी गेलीय, मामा. काढावी लागेल."

मामांनी खटकन तोंड मिटलं. दोन पावलं मागे सरकले.

"निदान पक्कं आहे ना, भावोजी?" ते ओठ न हलवता म्हणाले. "नाहीतर थांबू की आपण. काही घाई नाय."

काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.